माझा लंगडा पाय उजवा

मोहम्मद अली रस्ता, कैरो
३ फेब्रुवारी २०१९

रिहाम पोरी,

मी वगीदा. तुझ्या बापाची आई. उंची बेताची, तोंडात दात अकरा, केसांना मेंदी. लहानपणी तुला गच्चीवर डोक्यावर तेरा मेणबत्त्यांचं शमादान घालून चालायला शिकवलं ती मीच. एवढ्यावर ओळख पटली तर पुढे वाच, नाही पटली तर पाकीट शेजारणीला देऊन टाक. दोन ईद येऊन गेल्या, तुझं अक्षर नाही. तू म्हणत असशील, म्हातारीला वाचता येत नाही, मग लिहायचं कशाला. वाचता येत नाही, खरं आहे. वाट बघता येते.

हे लिहून घेतायत ते खालच्या मजल्यावरचे लबीब उस्ताद. पस्तीस वर्षं टपाल कचेरीत काढलेला माणूस. दुसऱ्याची गुपितं तेव्हापासून त्यांच्या हातून जातात आणि एकही सांडत नाही. फोन केला असता, पण घरातला फोन तुझ्या आईच्या हातात, म्हणजे तुझ्या बापाच्या, मिदहतच्या, कानात. तुझ्या बापाने गल्लीभर सांगून ठेवलंय की तू बर्लिनला दातांची डॉक्टर आहेस. परवा अब्बास न्हावी जबडा उघडून दुकानात उभा राहिला, म्हणाला फोटो काढा आणि रिहामला पाठवा, दाढ काढायची का ठेवायची ते विचारा. मिदहतने काढला फोटो. सोफे विकणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

तर मी तुझा नाच पाहिला.

समोरच्या उम्म हुसामने मला बोलावून नेलं आणि आतून कडी लावली. चार बायका एका फोनभोवती. त्यांनी तो नाच चारदा पाहिला. पहिल्यांदा पाहून किळस आली म्हणाल्या, दुसऱ्यांदा खात्री करायला पाहिला, तिसऱ्यांदा उम्म हुसामच्या सुनेचा चष्मा सापडला म्हणून, आणि चौथ्यांदा कुणी कारण सांगायच्या फंदात पडलं नाही. मला एकदाच बघून शिसारी आली.

अंग उघडं होतं म्हणून नाही. आपण नाचणाऱ्यांच्या घरातल्या, अंग म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. शिसारी कशाची आली ते सांगते, नीट ऐक.

पडदा उघडतो. काळी पायघोळ गालाबिया, ढुंगणाला उशी बांधलेली, हातात काठी, डोक्यावर शमादान, अशी एक म्हातारी येते. पाय ओढते. लोक हसतात. ती आणखी ओढते, ते आणखी हसतात. मग गालाबिया गळते, उशी गळते, आणि आतून तू निघतेस, बेंबीवर हिरा आणि मागे पुढे पिसं. मी कोंबडी सोललेली पुष्कळ पाहिली आहे. कोंबडी स्वतःलाच सोलते हे पहिल्यांदा पाहिलं.

ती म्हातारी मी. हे मला कुणी सांगावं लागलं नाही, त्या चौघी मला न बघता माझ्याकडे बघत होत्या. पण पोरी, तू डाव्या पायाने लंगडतेस. मी उजव्याने लंगडते. एकेचाळीस वर्षं लंगडते आहे. तू एकोणतीस वर्षांची, त्यातली वीस माझ्या पाठीमागून चाललीस, आणि एवढं बघितलं नाहीस? आजीला विकायचं तर नीट बघून तरी विकायचं.

आणि ते शमादान. पत्र्याचं, दीड वितीचं, पर्यटकांना देतात तसलं. त्यात बॅटरीच्या मेणबत्त्या. ज्या मेणबत्तीचा चटका बसत नाही ती डोक्यावर मिरवायचीच कशाला? आणि उतरवून ठेवलंस कुठे, तर जमिनीवर, आपल्या चपलेशेजारी, आणि पायाने बाजूला सरकवलंस. आपल्या धंद्यात शमादान जमिनीवर ठेवत नाहीत हे तुला सातव्या वर्षी ठाऊक होतं. वरात दारात पोचली की नवरीची आई ओल्या बोटांनी मेणबत्त्या विझवते, दोन्ही हातांनी शमादान उतरवते आणि नाचणारीच्या मुठीत मुलब्बस देते, साखरेत घोळवलेले बदाम. ते हातात पडल्याशिवाय वरात पुरी झाली असं आम्ही कुणी मानत नव्हतो. तुझ्या हातात काय पडलं?

चित्राखाली अरबीत अक्षरं येत होती म्हणून मी तो फोन मागून घेऊन उस्तादांकडे गेले. त्यांनी वरच्या अर्ध्या पडद्यावर हातरुमाल धरला आणि खालची अक्षरं वाचली. सुरुवातीला कोणी एक माणूस येऊन सांगतो म्हणे, की हिच्या आजीला नाचण्यापायी नवऱ्याने मारमारून लंगडी केली आणि ही मुलगी त्या घरातून पळून आली.

शहातांनी? तुझ्या आजोबांनी उभ्या जन्मात एकच गोष्ट मोडली, ती स्वतःच्या औदची, तारांसकट मान. ढेकूण मारायचा तर मला हाक मारत. आणि तू पळून आलीस? तुला विमानतळावर सोडायला दोन गाड्या भरून माणसं आली होती. भरलेली कबुतरं भाजून मी बांधून दिली होती. पळून जाणाऱ्यांना डबा देतात काय?

माझा खुबा मोडला तो इम्बाबाच्या एका लग्नात, ओल्या पायऱ्यांवरून पडून. शंभरदा सांगितलंय.

उत्तर दे. आधी डाव्या पायाचं, मग माझ्या नवऱ्याचं, पिसांचं शेवटी दिलंस तरी चालेल. उस्ताद म्हणतायत त्यांनी माझे दोन शब्द गाळलेत. कुठले ते तुला कळतीलच, तुझ्या लहानपणी मी तेच वापरत होते.

तुझी आजी (हा अंगठा)


११ मार्च २०१९

रिहाम,

तुझी सहा पानं पोचली. उस्तादांनी वाचून दाखवली, मधे मधे खोकले. खोकला कुठे आला त्यावरून मला कुठे काय आहे ते कळत गेलं.

नऊ वर्षं तू मला सांगत आलीस की तू नाटकवाल्यांचे कपडे शिवतेस, आणि मी उम्म हुसामला सांगत आले की बाप काहीही म्हणो, पोरगी माझ्या सुईवर गेली. आता कळतं की आधी भांडी घासलीस, मग एका नाट्यगृहाच्या तळघरात दुसऱ्यांच्या चोळ्यांना मणी लावलेस, आणि एक मुलगी आजारी पडली तेव्हा तिच्या चोळीला मणी लावता लावता तीच घालून वर गेलीस. मग हाम्बुर्ग, मग व्हिएन्ना, मग कोपनहेगन. गालिच्यात गुंडाळून घेऊन उलगडत यायचा नाच. मग कुठल्या तरी जत्रेत डोक्यावर मुकुट. ह्याला तिकडे बर्लेस्क म्हणतात आणि त्यात आधी हसवायचं असतं आणि मग उतरवायचं असतं, असं तू मला समजावून सांगतेस. मला. इम्बाबा ते शुब्रा एकही नवरी माझ्यावाचून घरी पोचत नव्हती त्या काळात लोकांना हसवणं आणि पदर सोडणं ह्याचा हिशोब मी रोज रात्री करत होते. फरक एवढाच की आमच्यात हसू नवऱ्या मुलाच्या काकाचं व्हायचं. आजीचं नाही.

तू म्हणतेस, ते तुला हसत नाहीत आजी, ते तुझ्या बाजूने हसतात. मी होते का तिथे बाजूला बसायला? मी इथे मुलूखियाची भाजी निवडत होते.

पाय तू मुद्दाम बदललास म्हणतेस, म्हणजे ती अगदी मी होऊ नये. बरं सुचलं. आणि तो निवेदक जे बोलतो ते तुझं नाही, त्याचं आहे, लोकांना तसं ऐकायला आवडतं. हे मात्र मला बसून ऐकावं लागलं. आपल्या आजोबांना परक्यांपुढे कसाई करतात आणि तू पडद्यामागे उशी बांधत उभी राहतेस. उस्तादांच्या बायकोने लिंबू आणून दिलं.

आता तुझ्या पाचव्या पानाचं. मोठं थिएटर, सप्टेंबरपासून वर्षभर, दारावर तुझं नाव. हा आजीचा नाच त्यांना हवा आहे. पण मालक म्हणतो, शमादान खरं हवं, ज्योत खरी हवी, लंगडणं आणखी हवं, आणि मधे एकदा म्हातारी पडली पाहिजे. पडली की लोक उठून टाळ्या वाजवतील असं तो म्हणतो. आणि म्हणून तू विचारतेस, आजी, तुझं शमादान पाठवशील का.

नाही.

तुझा बापही ते मागतो आहे. नदीकाठच्या एका हॉटेलाला दर्शनी दालनात टांगायला हवंय, तेरा फांद्यांना तेरा बल्ब. मिदहतला वाटतं ते घरातून गेलं की आपण कोण होतो ते गल्ली विसरेल. मी त्यालाही नाही म्हटलं. तुम्ही बापलेक एकमेकांचं तोंड बघत नाही, पण माझ्या डोक्यावरची वस्तू काढून परक्यांच्या हातात द्यायची एवढ्यात तुमचं एकमत आहे.

त्या मालकाबद्दल काही विचारते, त्याची उत्तरं दे. तुझा पासपोर्ट कुणाजवळ असतो? करार तू स्वतः वाचलास का, शेवटच्या पानापर्यंत? नाच झाल्यावर गिऱ्हाइकांच्या टेबलावर बसायला लावतो का? हसून लावत असेल तरी सांग.

मला हे कसं माहीत ते विचारू नकोस. म्हाताऱ्या बायकांना माहीत असतं.

पडायचं नाही. बाकी काय करायचं ते कर.

आजी


१९ मार्च २०१९

रिहाम,

तुझ्या उत्तराची वाट न बघता हे लिहवते.

इम्बाबाच्या त्या घराला पायऱ्याच नव्हत्या. तळमजला होता.

मी पडले ते अथेन्सला. अठ्ठ्याहत्तर साली. इकडे लग्नं हॉटेलात व्हायला लागली होती, वराती गाडीतून जात होत्या, आणि गाडीपुढे शमादान घेऊन कोण चालणार? शहातांच्या औदला काम नव्हतं. मिदहत चौदा वर्षांचा. एक दलाल आला, म्हणाला सहा महिने, नुसता नाच, तुमच्यासारखी शमादानवाली तिकडे कुणी पाहिलेली नाही. मी गेले. पोचल्या दिवशी मालकाने पासपोर्ट टेबलाच्या खणात टाकला, सांभाळून ठेवतो म्हणाला.

नाच झाला की टेबलांवर बसायचं. गिऱ्हाईक बाटली उघडेल तोवर हसायचं, एक संपली की दुसरी उघडायला लावायची. मी बसले. चार महिने बसले. इथे उस्तादांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "सित्त वगीदा, हे लिहायलाच हवं का?" मी म्हटलं, तुम्ही आजवर एक पत्र फोडलं नाही, आता एक अडवू नका. त्यांनी चष्मा पुसला आणि लेखणी उचलली.

घरी कळवत होते की इथल्या आपल्या लोकांच्या लग्नांत नाचते. माणसं मायाळू आहेत, जेवण बरं आहे.

मग एका जहाजवाल्याचा वाढदिवस आला. त्याला मी टेबलावर नाचायला हवी होते. शमादान घालून. मालकाने डोळ्याने खूण केली. मी चढले. ते सगळे उठून माझ्या डोक्यावरच्या मेणबत्त्यांवर चिरूट पेटवायला लागले, म्हणजे मला वाकायला लागावं. वाकले की हसायचे. टेबलावर दारू सांडलेली. त्यातल्या एकाने गंमत म्हणून टेबलावरचं कापड ओढलं.

मी उजव्या अंगावर पडले. खुबा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. केसांना आग लागली ती एका वाढप्याने ओल्या फडक्याने विझवली. आणि ते लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, रिहाम. त्यांना वाटलं हाही नाचच. मी उठेना, तेव्हा आणखी हसले. मालक त्यांच्याकडे बघून वाकून नमस्कार करत होता.

तो हसण्याचा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नव्हता. उम्म हुसामच्या फोनमधून तोच आला. तोच, जरा लहान केलेला.

मी घरी आले तेव्हा शहातांनी काही विचारलं नाही. माझ्या चालण्याकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे, आणि भिंतीवरचा औद काढून चौकटीवर आपटला. मला नाही, औदला. मग खाली बसून त्याचे तुकडे गोळा केले. पायऱ्यांची गोष्ट त्यांनीच रचली. मिदहतला सांगताना त्यांनी पायऱ्या मोजूनसुद्धा सांगितल्या, सात.

शमादानाची एक फांदी वाकली होती. तांबटाने सरळ करून दिली, पण बोट फिरवलंस तर लागेल, मागून तिसरी.

पहिल्या पत्रात मी लिहवलं की तुझी किळस आली. आली होती, खोटं नाही. पण सगळी तुझी नव्हती. त्यातली पुष्कळशी जुनी होती आणि माझीच होती. तुला भरून पाठवली, त्यातली परत घेते. नवऱ्याबद्दल खोटं बोलू दिलंस तेवढी तुझ्याकडे राहू दे.

आता कळलं मी पासपोर्टचं का विचारते?

आजी


२ मे २०१९

रिहाम पोरी,

ह्या पत्राला तिकीट नाही. लिहिणारेच घेऊन येतायत. लबीब उस्तादांच्या मुलीला, मरियमला, लाइपझिगला मुलगा झाला, त्याच्या बारशाला, म्हणजे त्यांच्यात पाण्यात बुचकळतात त्याला, ते निघाले आहेत. तिथून रेल्वेने तुझ्याकडे येतील. चहा दे, साखर तीन चमचे. तुझे फोटो भिंतीवर असतील तर त्या दिवसापुरते उलटे कर.

तुझं दुसरं पत्र मिळालं. पासपोर्ट तुझ्याजवळ आहे, टेबलावर बसवत नाहीत, करार तू वकिलाला दाखवलास. बरं. त्या निवेदकाला तू सांगितलंस की ह्यापुढे आजोबांचं नाव काढायचं नाही आणि तो रुसला. रुसू दे. मालकाला तू म्हणालीस म्हातारी पडणार नाही, तर तो म्हणाला बघू, मेच्या शेवटच्या शनिवारी मी पुन्हा नाच बघतो आणि मग ठरवतो. म्हणजे अजून गळ टाकूनच बसला आहे.

आणि तू अख्खा नाच पाठवलास, तो मी उस्तादांच्या कंप्युटरवर पाहिला. ते बाहेर जाऊन बसले. मला ठाऊक नव्हतं की गल्लीत फिरतोय तो अर्धाच तुकडा आहे. पिसं गळेपर्यंतच कापून घेतलाय लोकांनी. त्यांना पुढचं काय करायचंय. पुढे तू ती गालाबिया उचलतेस, झटकतेस, आणि परत घालतेस. उशीशिवाय. काठीशिवाय. आणि सरळ चालत जातेस. तेव्हा कुणी हसलं नाही. मी कान देऊन ऐकलं, दोनदा ऐकलं.

आवडलं असं मी लिहवणार नाही. पिसं घाणच दिसतात. तो हिराही. माझ्याकडे ये, मी तुला मण्यांचं काहीतरी शिवून देते, निदान कोंबडी तरी वाटणार नाहीस. पण गालाबिया तू उजव्या बाहीने आधी घातलीस, मी घालते तशी. खुबा दुखतो म्हणून मी उजवी बाही आधी घेते. म्हणजे तू बघत होतीस.

आता शमादानाचं ऐक.

गेल्या शुक्रवारी नमाज झाल्यावर मिदहत हॉटेलाच्या दोन माणसांना घेऊन आला. त्यांच्याजवळ खोका, दोरी आणि तो फुगे असलेला कागद. मला आधी सांगितलं नव्हतं, पण तुझ्या आईने सकाळी डोळ्यांनी सांगितलं होतं. मी मधल्या खोलीत खुर्चीवर बसून घेतलं, शमादान डोक्यावर घातलं आणि तेराच्या तेरा मेणबत्त्या तुझ्या आईकडून लावून घेतल्या. एकेचाळीस वर्षांनी. मान अजून आहे गं. दात गेले, मान आहे.

माणसं दारात थांबली. पेटलेलं काही म्हातारीच्या डोक्यावरून ओढून कसं घ्यायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

मिदहत म्हणाला, "आई, उतरव ते. माणसं उभी आहेत."

"मग बसायला दे. दुकानात सोफे पडलेत ना भरून."

"ह्याच वस्तूने आपलं नाव घालवलं. आधी तू, आता ती."

घरात त्याच्या तोंडून नऊ वर्षांत पहिल्यांदा तुझा उल्लेख ऐकला. नाव नाही घेतलं, पण ती म्हणाला.

मी म्हटलं, "मिदहत, तुझ्या लग्नात वरातीपुढे हे निघालं नाही. मी लंगडी म्हणून. चोवीस वर्षांचा घोडा, सूट घातलेला, आणि तू जिन्याखाली जाऊन रडलास. तेव्हा हे नाव घालवणारं नव्हतं?"

माणसांपैकी एकजण खोका उघडझाप करत होता. मेण माझ्या उजव्या खांद्यावर पडत होतं, एकाच बाजूला, कारण बसल्या जागीसुद्धा मी तिकडेच कलते.

मग तुझ्या बापाने स्टूल ओढलं. त्यावर चढला, बोटं तोंडात घालून ओली केली आणि एकेक मेणबत्ती चिमटीत धरून विझवली. चटका बसत होता, दर वेळी ओठ चावत होता. मग दोन्ही हातांनी शमादान उतरवलं. कसं धरायचं ते त्याला ठाऊक होतं, चौदा वर्षं बघत आला होता. आणि त्या माणसांना म्हणाला, "जा. म्हातारी ऐकत नाही." माझ्यावर ढकललं. बाहेर सांगायला काहीतरी लागतं त्याला.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मी हे एका ठिकाणी पाठवते आहे, नीट बांधून हवंय. कुठे ते त्याने विचारलं नाही. दुकानातून सोफ्याचा स्पंज आणला आणि प्रत्येक फांदीला वेगळा कापून गुंडाळला, मागून तिसरीला दुहेरी. बांधताना पुटपुटला की तिकडे दातांच्या दवाखान्यात हे काय करणार आहेत कोण जाणे. त्याचं ते दवाखान्याचं तसंच चालू राहणार. तू काही बोलू नकोस. अब्बासची दाढ मात्र काढायला सांग, ती मी पाहिली आहे.

विमानतळावर विचारलं तर चर्चचा दिवा म्हणून सांगा, असं मी उस्तादांना म्हटलं. ते म्हणाले, "खोटं मी बोलणार नाही. पण गळ्यातला क्रूस शर्टाबाहेर काढून ठेवीन."

तर आता तुझ्याजवळ आहे ते. आतली पट्टी धुवायची नाही, ती तुझ्या आजोबांच्या जुन्या फेट्याची आहे आणि तिला माझ्या डोक्याचा आकार आलाय. तुझ्या आईने एकदा घालून पाहिलं होतं, कानांपर्यंत खाली घसरलं. तुला सातव्या वर्षी मोठं व्हायचं, सोळाव्या वर्षी बसलं. दुसऱ्या कुणाला बसणार नाही. मेणबत्त्या खऱ्या लाव, जाड वातीच्या नको, ठिबकतात. पहिले चार दिवस मान धरेल, लोणी चोळ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुला ठाऊक नाही कारण तू कधी लंगडी नव्हतीस. हे डोक्यावर ठेवून लंगडता येत नाही. मी घरी आल्यावर दार लावून महिनाभर प्रयत्न केला. खुबा एका बाजूला पडला की सगळं वजन तिकडे जातं, पेटतं मेण त्याच खांद्यावर येतं आणि चौथ्या पावलाला ते डोक्यावरून सुटतं. पत्र्याचं बॅटरीवालं लंगडू देतं, हे देत नाही. म्हणूनच मी नाच सोडला. म्हणूनच हे तुला पाठवलं.

तुझ्या मालकाला खरं शमादान हवं होतं ना? घे म्हणावं. खरं शमादान आणि खरी ज्योत. आता म्हातारीला सरळच चालावं लागेल, पहिल्या पावलापासून. उशी ठेव हवी तर, उशीला माझी हरकत नाही, माझं ढुंगण मोठंच होतं आणि त्याबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. हसवायचं ते तिने हसवावं, तिला हसू नये. हे त्याला जमत नसेल तर ते थिएटर त्याच्याजवळ राहू दे. तुझ्या दारावरच्या नावाचं मला वाईट वाटेल, खरंच वाटेल. पण त्याला पडणारी म्हातारी हवी असेल तर ती एकदा पडून झाली आहे.

त्या शनिवारी नाच संपल्यावर हे जमिनीवर ठेवू नकोस. तुझ्याकडे नवरीची आई नाही, तर कुणीतरी शोध. ज्या आजारी मुलीची चोळी घातलीस तिला बोलाव, तिचं देणं लागतेस. नाहीतर तळघरात मणी लावणारी कुणी असेल. बोटं ओली करून तेरा विझवायला सांग, फुंकायचं नाही, आणि दोन्ही हातांनी उतरवायला सांग.

उस्ताद ईदच्या आधी परत येतील. त्यांच्याबरोबर मला चॉकलेट पाठवू नकोस, मागच्या वेळचं उम्म हुसामच्या नातवाने खाल्लं. मुलब्बस पाठव. दुकानातलं बांधलेलं पाकीट नको. जिने तुझ्या डोक्यावरून शमादान उतरवलं, तिने तुझ्या मुठीत दिलेल्यातले पाच बदाम रुमालात बांध आणि पाठव. आणि साखरेचा थर जाड नसलेले बघ, अकराच दात आहेत.